'गेट अवे' कुठं वापरायचं, कसं वापरायचं : नव्यानं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी

इंग्रजी बोलायला लागलं की 'जाणे' या क्रियेसाठी सुरुवातीला दोनच शब्द हाताशी असतात, 'गो' आणि 'लीव्ह'. त्यांच्यावर बरंच निभतं. पण ऑफिसातून पाय निघता निघत नाही, चोर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळतो, चार दिवस सगळं सोडून कुठंतरी जावंसं वाटतं, किंवा एखादा वाटेल तसा वागतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही, असलं काही सांगायचं झालं की हे दोन शब्द तोकडे पडतात. इंग्रजी बोलणारी माणसं या चारही ठिकाणी सर्रास एकच फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून झालेलं क्रियापद, वापरतात : 'गेट अवे'.

आपल्याकडं ते बहुतेकांनी 'पळून जाणे' एवढ्या एकाच अर्थानं पाठ केलेलं असतं. त्यामुळं पेपरातला चोर समजतो, पण मैत्रीण फोनवर 'आय कॅन्ट गेट अवे राइट नाउ' म्हणाली की ही कुठून पळतेय, असा प्रश्न पडतो. खाली पायरीपायरीनं जाऊ. पहिली पायरी नीट पक्की झाली तर पुढच्या सगळ्या सोप्या आहेत, म्हणून तिथं घाई करू नका.

पायरी १ : धरून ठेवणारं काय आहे ते शोधा

'लीव्ह' म्हणजे नुसतं निघणं. 'गेट अवे' म्हणजे काहीतरी धरून ठेवत असताना त्यातून सुटणं. धरून ठेवणारा पोलीस असेल, साहेब असेल, लांबलेली मीटिंग असेल, शहरातला गोंगाट असेल, नाहीतर कायदा आणि शिक्षा असेल. हे क्रियापद तोंडात येण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : कुणाच्या तावडीतून? उत्तर मिळालं तर 'गेट अवे' बसेल. उत्तरच नसेल तर 'लीव्ह' किंवा 'गो' बरं.

ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा.

'आय लेफ्ट ॲट सिक्स.' सहाला निघालो.

'आय गॉट अवे ॲट सिक्स.' सहाला एकदाचा सुटलो.

दोन्हीकडं वेळ तीच आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र सहाच्या आधीची सगळी ओढाताण ऐकू येते. ऑफिस, घरकाम, पाहुणे अशा रोजच्या गोष्टींबद्दल बोलताना मराठी वाक्यात 'एकदाचा' किंवा 'एकदाची' सहज बसत असेल, तर इंग्रजीत 'गॉट अवे' बसतं. ही कसोटी चोरापोलिसांना लागू पडत नाही, पण दिवसभराच्या बोलण्यात तिच्यावर बिनधास्त विसंबा.

यातूनच एक सावधगिरी निघते. तुम्ही कुणाकडं जेवायला गेला आहात आणि निघायची वेळ झाली. मराठीत आपण 'येतो आम्ही' म्हणतो. इंग्रजीत 'वी हॅव टु गेट अवे नाउ' म्हणालात, तर यजमानांनी तुम्हाला डांबून ठेवलं होतं असा सूर लागतो. तिथं 'वी शुड गेट गोइंग' किंवा 'वी शुड बी ऑफ' म्हणायचं. रजेच्या अर्जातही तेच. 'आय वॉन्ट टु गेट अवे फॉर थ्री डेज' हे वाक्य मित्राला चालेल. साहेबांना वाटेल, हा कामाला वैतागून पळतोय. अर्जात सरळ 'आय वुड लाइक टु अप्लाय फॉर थ्री डेज लीव्ह' लिहा.

पायरी २ : घडण

यातलं व्याकरण थोडंसंच आहे, पण आपल्या चुका नेमक्या इथंच होतात.

ज्याच्यापासून सुटायचं त्याच्याआधी 'फ्रॉम' लागतं. 'आय कुडन्ट गेट अवे द ऑफिस' हे चूक, 'आय कुडन्ट गेट अवे फ्रॉम द ऑफिस' बरोबर. कुठं जायचं ते सांगायला 'टु', किती दिवस ते सांगायला 'फॉर'. ही तिन्ही एका वाक्यातही मावतात : 'वी गॉट अवे फ्रॉम मुंबई टु माथेरान फॉर टू डेज.'

भूतकाळ 'गॉट अवे'. 'हॅज' किंवा 'हॅव' आलं की ब्रिटिश पद्धतीनं 'हॅज गॉट अवे' आणि अमेरिकेत 'हॅज गॉटन अवे'. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांशी बोलताना 'गॉटन' कानावर पडेल, ते चूक नाही. स्वतः बोलताना एकच कुठलातरी प्रकार धरून ठेवा, म्हणजे झालं.

माणूस किंवा वस्तू दूर न्यायची असेल तर ती मध्ये येते. 'गेट द चिल्ड्रन अवे फ्रॉम द फायर', म्हणजे मुलांना आगीपासून लांब न्या. 'गेट अवे द चिल्ड्रन' असं म्हणत नाहीत. 'कान्ट यू गेट हिम अवे फ्रॉम दॅट फोन?' हे वाक्य आजकाल घराघरात उपयोगी पडेल.

कर्मणी प्रयोग विसरा. रोजच्या बोलण्यात त्याची गरज पडत नाही.

पायरी ३ : फोनवरचा रोजचा वापर

या क्रियापदाचा सगळ्यात जास्त वापर अशा साध्या बोलण्यात होतो. दोन मैत्रिणी शुक्रवारी संध्याकाळी गेटवे ऑफ इंडियाहून बोटीनं मांडव्याला आणि तिथून अलिबागला जायचं ठरवतायत असं समजा. एक विचारते :

'कॅन यू गेट अवे बाय थ्री?' तीनपर्यंत निघता येईल का तुला?

'आय'ल ट्राय. इफ द बॉस कॉल्स अ मीटिंग, आय वोन्ट बी एबल टु गेट अवे बिफोर फाइव्ह.' बघते गं. साहेबांनी मीटिंग लावली तर पाचच्या आत काही सुटका नाही.

'टेल हिम यू हॅव अ बोट टु कॅच.' सांग की त्यांना, बोट पकडायचीय म्हणून.

इथं 'निघता येणं' म्हणजेच 'गेट अवे'. आणि सोबत काय आलं ते पाहा : 'कॅन', 'वोन्ट बी एबल टु'. या अर्थानं हे क्रियापद बहुतेक वेळा जमणं-न जमणं सांगणाऱ्या शब्दांच्या जोडीनं येतं. 'कुडन्ट गेट अवे', 'मॅनेज्ड टु गेट अवे', 'ट्राइड टु गेट अवे', 'होप टु गेट अवे'. या चार जोड्या तोंडी बसवा, नुसतं 'गेट अवे' पाठ करू नका. फ्रेझल व्हर्ब एकटं पाठ केलं की बोलताना आठवत नाही, जोडीनं पाठ केलं की आपोआप जिभेवर येतं.

उशीर झाल्यावर माफी मागण्याचीही एक चांगली पद्धत यातच आहे : 'सॉरी, द टाइम गॉट अवे फ्रॉम मी.' माफ करा, वेळ कसा गेला कळलंच नाही. इथं वेळच आपल्या हातून निसटला, म्हणजे धरून ठेवणारे आपण आणि निसटणारा वेळ. कुत्र्याची साखळी हातातून सुटली तरी असंच, 'द डॉग गॉट अवे फ्रॉम मी.'

पायरी ४ : 'गेट आउट', 'एस्केप', 'रन अवे' यांच्यापासून वेगळं करा

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो 'गेट आउट' आणि 'गेट अवे' यांच्यात. बंद जागेच्या बाहेर पडणं म्हणजे 'गेट आउट'. पाठलाग करणाऱ्यांच्या हाती न लागता दूर पोचणं म्हणजे 'गेट अवे'. पहिलं जमलं म्हणून दुसरं जमेलच असं नाही. आपल्या इतिहासातल्या दोन घटनांवरून हा फरक कायमचा लक्षात राहील.

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून रात्री पन्हाळ्याबाहेर पडले. हे झालं 'गेट आउट'. पण शत्रू मागावर होता. विशाळगड गाठेपर्यंत सुटका झाली असं म्हणता येत नव्हतं. बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, ती याच दोन शब्दांमधल्या वाटेवर. इंग्रजीत एका दमात असं सांगता येईल : 'महाराज गॉट आउट ऑफ पन्हाळा ॲट नाइट, अँड बाजीप्रभू हेल्ड द पास सो दॅट ही कुड गेट अवे टु विशाळगड.'

आता दुसरी घटना. ८ जुलै १९१० ला मार्सेल्स बंदरात विनायक दामोदर सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या खिडकीवजा भोकातून समुद्रात उडी घेतली आणि पोहत किनारा गाठला. पण तिथं ते पकडले गेले आणि पुन्हा बोटीवर आणले गेले. फ्रान्सच्या भूमीवरची ही धरपकड कायदेशीर होती की नाही, हा वाद पुढं हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटिशांच्या बाजूनं लागला. भाषेपुरतं बोलायचं तर, 'ही गॉट आउट ऑफ द शिप, बट ही कुडन्ट गेट अवे.' या एका वाक्यात दोन्ही क्रियापदं आपापल्या जागी आहेत. ते वहीत लिहून ठेवाच.

'एस्केप'चा अर्थ 'गेट अवे'च्या जवळचाच, पण तो शब्द वजनदार आणि लेखी आहे. इतिहासाच्या पुस्तकात, पोलिसांच्या कागदपत्रांत, बातमीच्या मथळ्यात 'एस्केप्ड' शोभतं. १६६६ मधली आग्र्याहून सुटका निबंधात लिहायची तर 'एस्केप्ड फ्रॉम आग्रा' लिहा. तीच हकीगत लहान मुलांना तोंडी सांगताना 'गॉट अवे' छान वाटतं. उलट 'आय एस्केप्ड फ्रॉम द ऑफिस ॲट सिक्स' हे वाक्य थट्टेत ठीक, एरवी फार जड.

'रन अवे'मध्ये पळण्याची क्रिया आहे, ती यशस्वी झाली की नाही हे सांगितलेलं नाही. 'ही रॅन अवे बट डिडन्ट गेट अवे' असं म्हणता येतं : पळाला, पण निसटला नाही. घरातून रागानं निघून गेलेल्या मुलाबद्दलही 'रॅन अवे फ्रॉम होम'च म्हणतात, 'गॉट अवे' नाही.

'गो अवे' हे आणखी वेगळं. त्यात सुटका अजिबात नाही, नुसतं निघून जाणं किंवा बाहेरगावी जाणं. आज्ञार्थी वापरलं तर 'चालता हो'.

पायरी ५ : सुट्टीचं 'गेटअवे', आणि गेटवेशी होणारी गल्लत

'वीकेंड गेटअवे' हा शब्द मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांच्या जाहिरातींमुळं सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. लोणावळा, माथेरान, काशीद, महाबळेश्वर, ताम्हिणी घाट, जिथं म्हणून दोन दिवस जाता येतं ते प्रत्येक ठिकाण 'गेटअवे' म्हणून विकलं जातं. हे नाम आहे आणि ते इंग्रजीत एका शब्दात, न तोडता लिहितात. क्रियापद मात्र तोडून, दोन शब्दांत. ईमेलमध्ये ही चूक फार दिसते.

उच्चारातही फरक आहे. क्रियापदात जोर शेवटच्या 'वे'वर पडतो : 'वी गॉट अ-वे!' नामात जोर सुरुवातीच्या 'गे'वर : 'अ गेटअवे'.

आणि आता गल्लत. देवनागरीत आपण फाटकाचं 'गेट' आणि मिळवण्याचं 'गेट' सारखंच लिहितो, आणि बोलतोही बऱ्याचदा सारखंच. फाटकाच्या 'गेट'मधला 'गे' लांब आहे, शेवटी हलकासा 'य' लागतो, जवळपास 'गेय्ट'. मिळवण्याच्या 'गेट'मधला 'गे' आखूड, तोंडातून पटकन सुटणारा. शिवाय घाईत बोलताना 'गेट अवे'मधला 'ट' पुढच्या 'अ'ला चिकटतो आणि ऐकणाऱ्याला 'गेटवे'च ऐकू येतं. अमेरिकन माणूस तर तो 'ट' इतका मऊ करतो की 'गेडवे' वाटावं. ऐकणाऱ्याला कळतं ते त्या आखूड 'गे'वरून आणि पुढच्या-मागच्या शब्दांवरून. सरावाला हे वाक्य घ्या : 'आवर गेटअवे बिगॅन ॲट द गेटवे.' मघाच्या दोन मैत्रिणी बोटीत बसल्यावर हेच म्हणतील. दोन्ही शब्दांचा उच्चार वेगळा ऐकू येईपर्यंत आरशासमोर म्हणा.

'गेट अवे फ्रॉम इट ऑल' हाही याच घरातला वाक्प्रचार. सगळ्यापासून दूर, काम नको, फोन नको, ट्रॅफिक नको. मोटारगाड्यांना बंदी असलेलं माथेरान या वाक्प्रचाराला जितकं शोभतं तितकं सुट्टीच्या दिवशी गाड्यांनी भरलेलं लोणावळा शोभत नाही. शब्द वापरताना ठिकाण बघून वापरावा, एवढंच म्हणणं आहे.

'गेटअवे कार' हा मात्र सुट्टीचा शब्द नव्हे. गुन्हा करून पळायला वापरलेली गाडी म्हणजे 'गेटअवे कार'. भाड्यानं गाडी घेऊन फिरायला निघालात तर तिला 'अवर गेटअवे कार' म्हणू नका.

पायरी ६ : 'गेट अवे विथ'

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. 'विथ' जोडला की अर्थ फुटतो आणि त्याच्या तीन-चार वाटा होतात. एकेक करून पाहू.

पहिली वाट सरळ आहे : काहीतरी घेऊन पळणं. 'द थीव्ज गॉट अवे विथ द जूलरी.' चोरट्यांनी दागिने घेऊन पोबारा केला. इथं 'विथ' म्हणजे 'घेऊन'.

दुसरी वाट : गुन्हा किंवा चूक करून शिक्षा न होणं. 'ही गॉट अवे विथ इट.' त्याला ते पचलं. मराठीत याला 'पचणं' आणि 'खपून जाणं' हे दोन फार नेमके शब्द आहेत. पैसे खाल्ले आणि पचले, खोटं बोलला आणि खपून गेलं, दोन्हीकडं 'गॉट अवे विथ इट'.

हे दोन अर्थ शेजारीशेजारी ठेवायला इंग्लंडातला एक प्रसिद्ध दरोडा घेऊ. ८ ऑगस्ट १९६३ ला ग्लासगोहून लंडनकडं येणारी टपालाची रेल्वेगाडी बकिंगहॅमशायरमध्ये अडवून टोळीनं सुमारे २६ लाख पौंड लुटले. त्यांनी पैसे नेले, म्हणजे 'दे गॉट अवे विथ द मनी'. पण टोळीतले बहुतेक जण पुढं सापडले आणि १९६४ मध्ये काहींना तीस-तीस वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे 'दे डिडन्ट गेट अवे विथ इट'. पैसे घेऊन पळता आलं, पण केलेलं पचलं नाही. 'विथ'च्या पुढं वस्तू आली तर बहुधा पहिला अर्थ, कृत्य किंवा 'इट' आलं तर दुसरा. त्याच टोळीतला रॉनी बिग्ज १९६५ मध्ये वँड्सवर्थच्या तुरुंगातून भिंत ओलांडून पळाला, कितीतरी वर्षं ब्राझीलमध्ये राहिला आणि २००१ मध्ये स्वतःहून ब्रिटनला परतून पुन्हा तुरुंगात गेला. त्याच्याबद्दल 'ही गॉट अवे' नक्की म्हणता येईल. 'ही गॉट अवे विथ इट' म्हणावं का, यावर वर्गात अर्धा तास चर्चा घडवता येईल, आणि शिकणाऱ्यांना इंग्रजीत वाद घालायला लावायला यासारखा विषय नाही.

कृत्य सांगायचं असेल तर 'विथ'च्या पुढं 'इंग'वालं रूप येतं. 'ही गेट्स अवे विथ कमिंग लेट एव्हरी डे.' रोज उशिरा येतो, तरी त्याला कुणी काही म्हणत नाही. 'हाउ डझ ही गेट अवे विथ इट?' हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात एका तरी माणसाबद्दल विचारला जातो. त्याचं मराठी : याला कुणी बोलत कसं नाही? आणि सिनेमातला खलनायक हाती लागायच्या आधी नायक जे ओरडतो ते 'यू वोन्ट गेट अवे विथ धिस!', म्हणजे हे तुला महागात पडेल.

याचंच टोक म्हणजे 'गेट अवे विथ मर्डर'. यात खून कुठंच नाही. 'शी लेट्स हर सन गेट अवे विथ मर्डर' म्हणजे तिच्या लेकाला सात खून माफ. दोन्ही भाषा खुनापर्यंत का पोचल्या कोण जाणे, पण जोडी इतकी जुळते की एकदा ऐकल्यावर विसरणं अवघड.

तिसरी वाट : थोडक्यात सुटणं. 'द कॉन्स्टेबल स्टॉप्ड हिम, बट ही गॉट अवे विथ अ वॉर्निंग.' हवालदारानं अडवलं, पण समज देऊन सोडलं. 'शी फेल ऑफ द स्कूटर बट गॉट अवे विथ अ फ्यू स्क्रॅचेस.' स्कूटरवरून पडली, पण खरचटण्यावर निभावलं. इथं 'विथ'च्या पुढं जे येतं ते म्हणजे आपल्या वाट्याला आलेली किरकोळ शिक्षा किंवा इजा.

चौथी वाट मला फार आवडते, कारण तिच्यात काहीही वाईट नाही, आणि नेमकी तीच शिकवली जात नाही. 'यू कॅन गेट अवे विथ जीन्स ऑन फ्रायडेज.' शुक्रवारी जीन्स चालून जाते. स्वयंपाकघरात, 'कॅन आय गेट अवे विथ लेस ऑइल?' कमी तेलात भागेल का? मुलाखतीच्या तयारीत, 'यू कान्ट गेट अवे विथ वन-वर्ड आन्सर्स.' एका शब्दाच्या उत्तरांवर भागणार नाही. नियम थोडा वाकवला, खर्च थोडा वाचवला, तरी काम होतं असा याचा भाव. 'चालून जाणं', 'भागणं', 'निभणं' हे शब्द दिवसातून कितीदा आपल्या तोंडी येतात ते मोजा, म्हणजे या वापराची किंमत कळेल.

इथं एक गंभीर गोष्ट. 'गॉट अवे विथ इट'मध्ये माणसानं ते कृत्य केलंच होतं, हे गृहीत असतं. म्हणून न्यायालयानं कुणाला निर्दोष सोडलं असेल तर त्याच्याबद्दल 'ही गॉट अवे विथ इट' म्हणणं म्हणजे त्याच्यावर पुन्हा आरोप ठेवणं. तिथं 'ही वॉज अक्विटेड' म्हणा. बातम्या लिहिणाऱ्यांनी, समाजमाध्यमांवर इंग्रजीत मत मांडणाऱ्यांनी हा फरक जपायलाच हवा. एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न असतो.

पायरी ७ : 'सुटणे' दिसलं की थांबा

मराठीतलं 'सुटणे' अनेक कामं करतं, आणि 'गेट अवे' त्यातली थोडीच करतं. शाळा सुटली म्हणजे 'स्कूल इज ओव्हर'. गाडी सुटली म्हणजे 'द ट्रेन हॅज लेफ्ट', कारण गाडीला कुणी धरून ठेवलं नव्हतं. जामिनावर सुटला म्हणजे 'ही इज आउट ऑन बेल'. शिक्षा भोगून सुटला, तर 'ही वॉज रिलीज्ड'. दारू सुटली तर 'ही क्विट ड्रिंकिंग', आणि नोकरी सुटली तर 'ही लॉस्ट हिज जॉब'. यातल्या एकाही वाक्यात 'गेट अवे' बसत नाही.

पायरी ८ : उरलेले वापर

'वी आर गेटिंग अवे फ्रॉम द पॉइंट' म्हणजे आपण विषय सोडून भरकटतोय. मीटिंगमध्ये सौम्यपणे सगळ्यांना मूळ मुद्द्यावर आणायला हे वाक्य फार कामाचं.

'देअर इज नो गेटिंग अवे फ्रॉम इट' म्हणजे हे नाकारून चालणार नाही. 'देअर इज नो गेटिंग अवे फ्रॉम द फॅक्ट दॅट वी नीड मोअर मनी.' पैसे जास्त लागणार, यातून सुटका नाही. इथं पकडून ठेवणारं सत्य आहे.

'द वन दॅट गॉट अवे' हा मासेमारांकडून आलेला वाक्प्रचार, गळाला लागून निसटलेला मासा. हातातोंडाशी येऊन गेलेली नोकरी, घर किंवा जुनं प्रेम, सगळ्यांना चालतो.

आज्ञार्थी 'गेट अवे फ्रॉम द स्टोव्ह!' हे आई मुलाला म्हणते, कारण तिथं जिवाची घाई असते. अनोळखी माणसाला 'गेट अवे' म्हणणं उद्धट, अगदी 'हो बाजूला' म्हटल्यासारखं. रांगेत किंवा प्लॅटफॉर्मवर 'प्लीज स्टेप बॅक' म्हणा.

ब्रिटनमध्ये, विशेषतः उत्तरेकडच्या जुन्या पिढीकडून, नुसतं 'गेट अवे!' असंही ऐकायला मिळेल. तुम्ही काही नवल सांगितलंत आणि समोरच्या आजी 'गेट अवे!' म्हणाल्या, तर त्या तुम्हाला हाकलत नाहीयेत. 'काहीतरीच काय!' असा त्याचा अर्थ. हे समजून घ्या, स्वतः वापरायची घाई करू नका.

सराव

ही वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग खाली उत्तरं पाहा. प्रत्येक वाक्याला पहिल्या पायरीचा प्रश्न विचारायचा. काही वाक्यांत 'गेट अवे' मुद्दामच बसत नाही.

१. पाहुणे होते, म्हणून मला लवकर निघता आलं नाही.
२. त्याला सात खून माफ आहेत.
३. आमची बस सकाळी सहाला सुटली.
४. अपघात मोठा होता, पण हाताला मुका मार लागण्यावर निभावलं.
५. लग्नाला साधा कुर्ता चालून जाईल का?
६. दरवाजा तोडून ते बाहेर पडले, पण कोपऱ्यावरच पकडले गेले.
७. पुराव्याअभावी ती निर्दोष सुटली.

उत्तरं :

१. 'वी हॅड गेस्ट्स, सो आय कुडन्ट गेट अवे अर्ली.' पण हे पाहुण्यांच्या देखत म्हणू नका.
२. 'ही गेट्स अवे विथ मर्डर.'
३. 'अवर बस लेफ्ट ॲट सिक्स इन द मॉर्निंग.'
४. 'इट वॉज अ बॅड ॲक्सिडेंट, बट ही गॉट अवे विथ अ ब्रूझ्ड आर्म.' जखमी झालेली बाई असेल तर 'शी'.
५. 'कॅन आय गेट अवे विथ अ प्लेन कुर्ता ॲट द वेडिंग?'
६. 'दे ब्रोक द डोर अँड गॉट आउट, बट दे डिडन्ट गेट अवे.' इथं दुसऱ्या अर्ध्या भागात 'गेट आउट' लिहिलं असेल तर चौथी पायरी पुन्हा वाचा.
७. 'शी वॉज अक्विटेड फॉर लॅक ऑफ एव्हिडन्स.'